वाण्याच्या दुकानातले फ्रेंच शब्द



तालुक्याच्या गावचा बाजार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. बाजाराच्या तोंडाशी बेकरी असते. पलीकडे डेअरीची गाडी उभी असते. खाटकाकडे मटण मिळते, गावाबाहेर कुणाची तरी पोल्ट्री असते, पोरांसाठी बिस्किटांचा पुडा घ्यावा लागतो, आणि पाय दुखले की हॉटेलात बसून घोटभर चहा घ्यावा लागतो. हे शब्द आपण इतक्या सहज बोलतो की ते परके आहेत हे ध्यानातही येत नाही. फार तर कुणी म्हणेल, “हे इंग्रजी शब्द, साहेबाच्या राज्यात आले.” खरे आहे. पण साहेबाकडे ते कोठून आले? वर सांगितलेल्या शब्दांतला जवळजवळ प्रत्येक शब्द, सबंध नाही तर निदान अर्धा, इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? तर असे पाहा. खेड्यातल्या शाळेत इंग्रजीचा तास आला की पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा. ‘सी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे जोडून आली की ‘चीफ’मध्ये ‘च’ म्हणायचे, ‘शेफ’मध्ये ‘श’ म्हणायचे आणि ‘केमिस्ट’मध्ये ‘क’ म्हणायचे. मुलाला वाटते, एक तर ही भाषा लहरी आहे, नाही तर आपले डोके कमी आहे. दोन्ही खरे नाही. त्या लहरीपणामागे इतिहास आहे, आणि खाण्यापिण्याच्या धंद्यांच्या नावांत तो फार स्वच्छ दिसतो.

इ. स. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील नॉर्मंडी प्रांताचा सरदार विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रजांचा राजा हॅरल्ड पडला आणि विल्यम गादीवर बसला. त्याच्याबरोबर आलेले सरदार, धर्मगुरू आणि कारभारी फ्रेंच बोलत. त्यामुळे पुढची सुमारे तीनशे वर्षे इंग्लंडात राजवाड्याची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, आणि शेतकऱ्याची, गुराख्याची भाषा इंग्रजी, अशी वाटणी झाली. न्यायालयात वाद-प्रतिवाद इंग्रजीतून चालावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडावे लागले. ज्या इंग्रजीचा आपण एवढा धाक घेतो, ती भाषा एके काळी स्वतःच्या देशात अशी ओसरीवर बसलेली होती.

या वाटणीची खूण जेवणाच्या ताटात राहिली. शेतात चरणाऱ्या मेंढीला इंग्रजीत ‘शीप’ म्हणतात. तिला राखणारा तो ‘शेफर्ड’. हे दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी, कारण मेंढरे राखणारा माणूस इंग्रज होता. पण तीच मेंढी शिजून ताटात आली की ती ‘मटन’ होते. फ्रेंच भाषेत मेंढीला ‘मुताँ’ म्हणतात. ‘मटन’ हे त्याचेच रूप. तसेच डुकराला ‘पिग’, पण त्याच्या मांसाला ‘पोर्क’. गाई-बैलांना ‘काउ’ आणि ‘ऑक्स’, पण त्यांच्या मांसाला ‘बीफ’. राखणाऱ्याचा शब्द एक आणि खाणाऱ्याचा शब्द दुसरा! सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून हीच गोष्ट डुकरे राखणाऱ्या गड्याला समजावून दिली आहे, आणि तेव्हापासून ती जगभर प्रसिद्ध झाली.

मात्र शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही वाटणी लढाईच्या दुसऱ्याच दिवशी झाली असे नाही. फ्रेंच भाषेत ‘मुताँ’ म्हणजे जिवंत मेंढीही आणि तिचे मांसही. इंग्रजीतसुद्धा कित्येक शतके ‘बीफ’ आणि ‘मटन’ हे शब्द जित्या जनावरांना लावीत. पुढे हळूहळू, सधन घरांतल्या फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकामुळे, एक शब्द गोठ्यात आणि दुसरा ताटात असा संकेत पक्का झाला. आणि आपल्याकडे येता येता तर मेंढीची जागा बोकडाने घेतली. आपण ‘मटण’ म्हणतो तेव्हा बहुधा बोकडाचेच मांस असते. शब्द तोच, पण मालक बदलला की अर्थही थोडा सरकतो.

आता धंद्यांच्या नावांकडे वळू. पाव भाजणाऱ्याला इंग्रजीत ‘बेकर’ म्हणतात. हा शब्द पूर्वापार इंग्रजी आहे. पण खाटकाला म्हणतात ‘बुचर’, आणि हा शब्द फ्रेंच. फ्रेंच भाषेत ‘बुक’ म्हणजे बोकड, आणि ‘बुशे’ म्हणजे मुळात बोकड कापणारा. म्हणजे आपल्या गावच्या खाटकाला हे नाव इंग्लंडातल्या खाटकापेक्षा अधिक शोभून दिसते! आजही पॅरिसमध्ये खाटकाच्या दुकानावर ‘बुशरी’ अशी पाटी असते. शेजारी ‘शार्क्युतरी’ असेल तर तेथे डुकराच्या मांसाचे शिजवलेले, खारवलेले पदार्थ मिळतात. ‘शेर’ म्हणजे मांस आणि ‘क्युइत’ म्हणजे शिजवलेले, असे ते दोन शब्द जोडून झाले आहेत. मासे विकणारा ‘प्वासॉनिए’. गोड पदार्थ करणारा, म्हणजे तिकडचा हलवाई, तो ‘पातिसिए’. पाववाला ‘बुलांझे’ आणि त्याचे दुकान ‘बुलांझरी’. या शब्दाच्या मुळाशी गोलपणाची कल्पना आहे; गोल गोल पाव वळणारा तो बुलांझे.

फ्रान्समध्ये या नावांचा मान किती आहे पाहा. १९९८ साली तेथे कायदा झाला की जो दुकानदार पीठ मळणे, पाव वळणे आणि भाजणे ही कामे विक्रीच्या जागीच करतो, त्यानेच दुकानावर ‘बुलांझरी’ असे नाव लावावे. कारखान्यातून गोठवलेले गोळे आणून नुसते भाजणाऱ्याला ते नाव लावता येत नाही. हात पिठात घातल्याशिवाय नाव मिळायचे नाही, असा त्याचा अर्थ.

वर आलेल्या दुकानांच्या नावांत एक गंमत तुमच्या कानाला लागली असेल. बुलांझरी, बुशरी, शार्क्युतरी. शेवटी सगळीकडे ‘री’. फ्रेंच भाषेत धंद्याच्या नावाला हे शेपूट लावले की दुकानाचे किंवा कामाच्या जागेचे नाव तयार होते. इंग्रजांनी शब्दांबरोबर हे शेपूटही उचलले आणि स्वतःच्या शब्दांना लावले. ‘बेक’ म्हणजे भाजणे हे इंग्रजी, त्याला फ्रेंच ‘री’ लागून झाली ‘बेकरी’. दूधदुभते पाहणाऱ्या दासीला जुन्या इंग्रजीत ‘डेय’सारखा एक शब्द होता, त्याला तेच शेपूट लागून झाली ‘डेअरी’. म्हणजे आपल्या दूध डेअरीचे डोके इंग्रजी आणि शेपूट फ्रेंच! ‘पोल्ट्री’ मात्र डोक्यापासून शेपटापर्यंत फ्रेंच. तिकडे कोंबडीला ‘पूल’ म्हणतात, तिच्यावरून तो शब्द आला.

असली जोडणी आपल्याकडे नाही असे समजू नका. ‘भाग’ हा शब्द संस्कृत आणि ‘दार’ हे शेपूट फारसी. दोन्ही मिळून आपण ‘भागीदार’ केला आणि तो अस्सल मराठी म्हणून वापरतो. ‘बाजार’ आणि ‘दुकान’ हे शब्दही असेच फारसीकडून आलेले. ज्याच्या हाती सत्ता आणि पेठ, त्याचे शब्द लोकांच्या तोंडी बसतात. इंग्लंडात फ्रेंचांचे बसले, आपल्याकडे आधी फारसीचे आणि मग इंग्रजीचे.

आता वाण्याकडे जाऊ. इंग्रजीत वाण्याला ‘ग्रोसर’ म्हणतात. फ्रेंच ‘ग्रो’ म्हणजे मोठा, जाड. ‘आँ ग्रो’ म्हणजे ठोक भावाने. तेव्हा ग्रोसर म्हणजे मुळात ठोक व्यापारी. जुन्या दुकानदारांना ‘ग्रोस’ हे माप ठाऊक आहे. बारा डझन, म्हणजे १४४ नग. तोही शब्द ‘मोठा डझन’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. याच्या उलट किरकोळ विक्रीला म्हणतात ‘रिटेल’. फ्रेंच भाषेत ‘ताये’ म्हणजे कापणे. मोठ्या मालातून तुकडा कापून विकायचा तो रिटेल. आणि कापड कापतो तो ‘टेलर’! वाण्याचा रिटेल आणि शिंप्याचा टेलर हे एकाच घरचे, हे शाळेत सांगून पाहा. मुले विसरणार नाहीत.

लंडनमधील ग्रोसरांचा संघ जुन्या मिरी-व्यापाऱ्यांच्या संघातून निघाला. बाराव्या शतकातच तेथे मिरी विकणाऱ्यांची संघटना होती. आणि मिरी कोठली? आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, दक्षिणेला मलबारात पिकणारी. अरबांच्या गलबतांतून आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून ती तेथवर पोचे. फ्रान्समध्ये वाण्याला ‘एपिसिए’ म्हणतात, म्हणजे मसालेवाला. इंग्रजी ‘स्पाइस’ आणि फ्रेंच ‘एपिस’ हे एकच.

किरकोळ दुकानातून लग्नघराकडे वळलो तर तेथे ‘केटरर’ भेटतो. हल्ली खेड्यांतही आचाऱ्याच्या बरोबरीने हा शब्द रुळला आहे. त्याचा मूळ अर्थ रांधणारा नव्हे, तर खरेदी करणारा. फ्रेंच भाषेत विकत घेणे म्हणजे ‘आश्ते’. नॉर्मंडीचे लोक ‘श’च्या जागी ‘क’ म्हणत. मोठ्या वाड्यासाठी धान्य, मांस, भाजी विकत आणणारा कारभारी तो केटरर. लांब पल्ल्याच्या गाडीला ‘पँट्री’चा डबा असतो. फ्रेंच भाषेत पावाला ‘पँ’ म्हणतात, आणि पँट्री म्हणजे पाव ठेवण्याची खोली. हा ‘पँ’ आला लॅटिनमधून. पोर्तुगीजांनी त्याच लॅटिन शब्दाचे जे रूप आपल्या किनाऱ्यावर आणले, तो आपला ‘पाव’. तेव्हा पँट्रीच्या डब्यात पाव मिळतो हे अगदी यथायोग्य आहे! आणि ‘कंपनी’? तोही याच घराण्यातला. ज्याच्यासोबत बसून पाव खायचा तो ‘कंपॅनियन’, आणि अशा सोबत्यांचा मेळा ती कंपनी. आपण ‘एका ताटात जेवणारे’ म्हणतो, त्यातलीच ही कल्पना.

आता शिक्षकांसाठी तीन खुणा सांगतो. त्या हाती असल्या की इंग्रजी आणि फ्रेंच शब्दांचे नाते स्वतःलाच ओळखता येते.

पहिली खूण हरवलेल्या ‘स’ची. जुन्या फ्रेंच भाषेत पुष्कळ शब्दांत ‘स’ होता. इंग्रजांनी शब्द घेतले ते ‘स’सकट. पुढे फ्रेंच लोकांनी तो बोलण्यातून टाकून दिला, आणि १७४० साली फ्रेंच अकादमीने आपल्या शब्दकोशात पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी स्वरावर छपरासारखी खूण दिली. म्हणून इंग्रजीत ‘फीस्ट’, फ्रेंचमध्ये ‘फेत’; इंग्रजीत ‘पेस्ट’, फ्रेंचमध्ये ‘पात’, म्हणजे मळलेले पीठ, ज्यावरून पातिसिए झाला. जुना शब्द ‘ऑस्तेल’ इंग्रजांनी घेतला तो ‘हॉस्टेल’. ‘स’ गळाल्यावर पुन्हा घेतला तो ‘हॉटेल’. त्याच लॅटिन मुळापासून ‘हॉस्पिटल’ झाले. तिन्ही शब्द पाहुण्याच्या सोयीचे. विद्यार्थी हॉस्टेलात, वाटसरू हॉटेलात, रोगी हॉस्पिटलात.

दुसरी खूण ‘च’ आणि ‘श’ यांची. पूर्वी फ्रेंच लोक ‘च’ म्हणत, पुढे ते ‘श’ म्हणू लागले. जो शब्द इंग्रजीत जुन्या काळी आला त्यात ‘च’ राहिला, जो अलीकडे आला त्यात ‘श’ आहे. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे एकच शब्द आहेत. अर्थ ‘मुख्य’, मुळात ‘डोके’. चीफ आला मध्ययुगात, शेफ आला एकोणिसाव्या शतकात. त्या शतकात इंग्लंडातल्या बड्या हॉटेलांत फ्रेंच स्वयंपाक्यांचा बोलबाला झाला. ऑगस्त एस्कॉफिए हा प्रसिद्ध फ्रेंच स्वयंपाकी १८९० साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात रुजू झाला. या दुसऱ्या लाटेत ‘रेस्टॉरंट’ आणि ‘मेनू’ हे शब्द आले. रेस्टॉरंट म्हणजे मुळात थकल्या जिवाला हुशारी आणणारा रस्सा. मेनू म्हणजे बारीकसारीक तपशील. ‘मिनिट’ हा मेनूचा सख्खा भाऊ. दोहोंचा अर्थ ‘बारीक’. उरला ‘केमिस्ट’ आणि ‘स्कूल’मधला ‘क’, तर तो बहुतेक ग्रीक भाषेतून आलेल्या शब्दांत असतो. म्हणजे तीन उच्चारांमागे तीन वाटा आहेत, लहर नाही.

तिसरी खूण ‘केटरर’मध्ये आपण पाहिलीच. नॉर्मंडीचा ‘क’ आणि पॅरिसचा ‘श’. किल्ल्याला इंग्रजीत ‘कॅसल’, फ्रेंचमध्ये ‘शातो’. याच एका जोडीत ‘क’ आणि ‘श’चा फरकही दिसतो आणि हरवलेला ‘स’ही दिसतो.

पण सावधान! दिसायला सारखे तेवढे शब्द नातलग असतातच असे नाही. फ्रेंच भाषेत ‘रोती’ म्हणजे भाजलेले मांस. इंग्रजी ‘रोस्ट’ त्याचा भाऊ, त्यातही ‘स’ गळाला आहे. आपल्या ‘रोटी’शी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. तव्यावरची रोटी आणि शिगेवरचे मांस यांची गाठ केवळ योगायोगाने पडली आहे. म्हणून नाते जोडण्याआधी शब्दाचा प्रवास तपासावा, मगच सोयरीक करावी.

आणि प्रवास तपासू लागलो की कधी कधी वाट आपल्याच दारी येऊन थांबते. दुकानात पोरे ‘कँडी’ मागतात. हा शब्द इंग्रजीने फ्रेंच ‘स्युक्र काँदी’ यावरून घेतला. ‘स्युक्र काँदी’ म्हणजे खडीसाखर. यातले ‘स्युक्र’ म्हणजे आपली शर्करा, आणि ‘काँदी’ म्हणजे आपला खंड. फारसी आणि अरबी मुलखांतून हे शब्द युरोपात गेले आणि कँडी होऊन वेष्टनात गुंडाळून परत आले. ‘पेपर’, म्हणजे मिरी, हा शब्द संस्कृत ‘पिप्पली’वरून गेला, आपली पिंपळी ती हीच. माहेरून गेलेली पोर साता समुद्रांपलीकडे नांदून परत आली तर तिला कोण परकी म्हणेल?

तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती आहे. एखाद्या तासाला मुलांना बाजारातले वीस शब्द लिहून आणायला सांगा. बिस्किट, टोस्ट, सॉस, ग्रोसरी, केटरर, जे कानी पडतील ते. मग चांगला इंग्रजी कोश उघडून प्रत्येकाचे मूळ पाहा. ‘बिस्किट’ म्हणजे ‘दोनदा भाजलेले’ हे कळल्यावर कुणी तरी हुशार मुलगी उठून विचारील, “गुरुजी, मग दोनदा भाजतात तो तर टोस्ट. बिस्किट एकदाच भाजतात ना?” तिला शाबासकी द्या. ती शब्दही तपासते आहे आणि बेकरीही.

ज्या मुलाच्या घरी चार शेळ्या आणि एक म्हैस आहे, त्याच्या तोंडात मटण आणि डेअरी हे शब्द पहिलीत येण्याआधीच आलेले असतात. इंग्रजीच्या पहिल्या तासाला तो रिकाम्या हाताने येत नाही. त्याची शिदोरी त्याच्याजवळच असते. ती सोडून दाखवण्याचे काम तेवढे आपले.